गाडीचं सस्पेन्शन : गॅरेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंभार्ली घाट उतरून आलेल्या, मुंबई-गोवा महामार्गाच्या डायव्हर्शनवर आपटलेल्या आणि गणपतीत मुंबईहून सामानासकट येणाऱ्या गाड्या आमच्या चिपळूणच्या गॅरेजमध्ये कायम असतात. त्यांच्या मालकांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः लहान कार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पाट्याच्या, म्हणजे मागे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेल्या, गाड्यांचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

पुढून खडखड आवाज येतोय. शॉकअप गेले का?

बहुतेकदा नाही. शॉकअप गेला की गाडी आवाज करण्यापेक्षा डुलायला लागते. शॉकअपचं काम गाडी उचलून धरायचं नाही, ते काम स्प्रिंगचं. दाबलेली स्प्रिंग उसळते, ती उसळी आतल्या तेलात जिरवणं एवढंच शॉकअप करतो. तेल गेलं की उसळी जिरत नाही. मग गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खालीवर होऊन थांबायच्या ऐवजी झुलत राहते, वळणावर कलते आणि ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते.

खडखड, टकटक, कडकड हे आवाज जास्त करून बाकीच्या मंडळींचे असतात : स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा बार) लिंक रॉडचे, लोअर आर्मच्या (चाकाला खालून चासीशी जोडणारा हात) बुशचे (जोडातलं रबर), बॉल जॉइंटचे (आर्म आणि चाक यांमधला गोळ्याचा सांधा), शॉकअपच्या वरच्या माउंटचे (शॉकअप वर गाडीला जिथे बसतो तो रबरी भाग). यातले काही भाग शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. म्हणून गाडी न उचलता, नुसता आवाज ऐकून ‘चारही शॉकअप टाका’ असं कोणी सांगितलं तर आधी गाडी उचलायला सांगा. आम्ही सांगितलं तरी.

मग गॅरेजमध्ये येऊन नेमकं काय सांगायचं?

कोणता भाग बदलायचा ते सांगू नका. आवाज केव्हा येतो ते सांगा. मेकॅनिकचं निम्मं काम तिथेच होतं.

गाडी कमी वेगात, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर असताना येतो की मोठ्या खड्ड्यातच? एक चाक खड्ड्यात गेल्यावर येतो, की दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढल्यावर? ब्रेक दाबताना, की सोडताना? उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवल्यावर येतो का? सकाळी गाडी थंड असताना जास्त आणि नंतर कमी होतो का? पाऊस पडल्यावर नाहीसा होतो का? मागे माणसं बसली की वाढतो की थांबतो?

पावसाचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण सुकलेलं रबर करकरतं आणि ओलं झालं की गप्प बसतं, त्यामुळे ‘पावसात आवाज नसतो’ या एका वाक्यावरून आम्ही थेट बुशकडे जातो. आणि हो, आवाजाचा व्हिडिओ करून आणण्यापेक्षा ज्या रस्त्यावर आवाज येतो त्या रस्त्यावर मेकॅनिकला सोबत घेऊन एक फेरी मारा. फोनच्या माइकला सगळे आवाज सारखेच वाटतात.

कोणता आवाज कशाचा, याचा काही अंदाज बांधता येतो का?

अंदाज बांधता येतो, निकाल नाही.

खडबडीत रस्त्यावर हळू जाताना पुढून हलकी, सतत टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि लिंकच्या टोकाचे झिजलेले गोळे वाजतात. दोन्ही चाकं एकदम चढली की बार पिळला जात नाही, त्यामुळे रुंद गतिरोधकावर तोच आवाज गायब होतो. याच बारला चासीजवळ धरून ठेवणारे दोन रबरी बुश असतात, ते सैल झाले तरी असंच वाजतं. ते बुश इतके स्वस्त असतात की लिंक बदलताना त्यांच्याकडे न बघणं हा निव्वळ आळस.

ब्रेक मारताना एकदा ‘टक्’ आणि सोडल्यावर पुन्हा ‘टक्’ असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश बघावा. ब्रेकच्या वेळी चाक मागे ढकललं जातं, तो सगळा जोर हा बुश घेतो. तो फाटला की आर्म पुढेमागे सरकतो आणि काही गाड्या ब्रेकच्या वेळी एका बाजूला ओढतात.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टंग्’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर शॉकअपचं वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. स्टेअरिंगबरोबर शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही फिरतात. वरचं बेअरिंग अडकलं की स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग झटक्यात सुटते. कोणीतरी स्टेअरिंग फिरवत असताना स्प्रिंगवर नुसता तळहात टेकवला तरी तो झटका हाताला कळतो. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं मात्र घालू नका.

मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ असा एकच जाड दणका म्हणजे सस्पेन्शन शेवटच्या टोकापर्यंत दबून बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरावर, आपटलं. स्टॉपर तुकडे होऊन पडलेला असतो, किंवा शॉकअप मेलेला असतो, किंवा गाडीत माणसं जास्त असतात. तिन्ही गोष्टी एकत्र असण्याचा हंगाम आमच्याकडे भाद्रपदात येतो.

खड्ड्यांवर स्टेअरिंगलाच खडखड जाणवत असेल तर स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दांडा) आणि त्याच्या पुढचे सांधे, म्हणजे रॅक एंड आणि टाय रॉड एंडही तपासावे लागतात. रॅकच्या आतला बुश झिजल्याचा आवाज हुबेहूब सस्पेन्शनसारखा असतो आणि त्यापायी चांगले शॉकअप भंगारात जातात.

सस्पेन्शनचा वाटतो पण नसतो, असा आवाज?

भरपूर. सगळ्यात आधी डिकी रिकामी करा. सैल जॅक, पाना आणि नीट न आवळलेली स्टेपनी या तिघांनी ‘मागचे शॉकअप गेले’ म्हणून आणलेल्या गाड्या आम्ही पैसे न घेता परत पाठवतो.

खड्ड्यांवरून जाताना ब्रेकवर पाय हलकासा टेकवा. खडखड थांबली तर दोष ब्रेकचा आहे, कॅलिपरच्या (पॅड धरून ठेवणारा ब्रेकचा भाग) पिना किंवा पॅड सैल असतील. पूर्ण वळणावर गाडी चालत असताना कटकटकट असं लागोपाठ वाजलं तर ते ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचं, टोक. क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना दणका बसला तर इंजिन माउंटिंग. वेगाबरोबर वाढत जाणारा ‘घूंऽऽ’ म्हणजे व्हील बेअरिंग. गाडी किंचित डावी-उजवीकडे झुलवली की तो कमी-जास्त होतो. आणि सायलेन्सरवरचा पत्रा सुटला असेल तर जगातले सगळे आवाज येतात.

शॉकअप गेलाय हे घरी कसं ओळखायचं?

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची पद्धत सर्वांना माहीत आहे. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉकअप नक्की गेला. पण नाही झुलली म्हणून तो चांगला असं समजू नका. हाताने दाबलेली गाडी फार हळू हलते, खड्ड्यात शॉकअपवर येणारा वेग वेगळाच असतो. अर्धा मेलेला शॉकअप या परीक्षेत आरामात पास होतो.

त्यापेक्षा टायरवरून हात फिरवा. टायरच्या घेरावर थोड्या थोड्या अंतराने खोलगट चट्टे जाणवले तर चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारत चाललंय. मग शॉकअपच्या नळकांड्याकडे बघा. वरच्या बाजूला तेलाचा पातळ थर आणि त्यावर धूळ असेल तर घाबरायचं कारण नाही, रॉडबरोबर थोडं तेल बाहेर येतच असतं. ओघळ खालपर्यंत आलेले असतील, थेंब पडत असेल, तर शॉकअप संपला. पावसाळ्यात बघायचं असेल तर आधी पुसा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. आमच्या लाल चिखलात ओलं काय आणि तेलकट काय, काही कळत नाही.

‘किती किलोमीटरला बदलायचे’ हा प्रश्न याच्याच मागून येतो. आकडा सांगायला सोपा आहे, पण पुण्याच्या रस्त्यावर आठवडाभर उभी राहणारी गाडी आणि गुहागर-चिपळूण रोज करणारी वडापची (माणशी भाडं घेणारी) गाडी यांना एकच आकडा लावणं खोटं ठरेल. दर १०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला गाडी उचललेली असतेच, तेव्हा खालून बघून घ्या.

एकच शॉकअप गळतोय. एकच बदलला तर चालेल?

पुढचे असतील तर पुढचे दोन, मागचे असतील तर मागचे दोन. एक नवा, एक जुना असं केलं की दोन्ही बाजूंचा जोर वेगळा होतो आणि त्याचा त्रास ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा घाटातल्या वळणावर होतो. चारही एकदम बदलायची सक्ती मात्र नाही. नुकताच बसवलेला शॉकअप अपघातात वाकला असेल तर तेवढा एकच बदलणं ठीक.

लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट यांना जोडीचा नियम तितका कडक नाही. तरी एका बाजूची लिंक झिजली की दुसरी फार मागे नसते. लहान गाडीच्या दोन्ही लिंक साधारण हजार-दीड हजारांत येतात, तेव्हा त्यात काटकसर करू नका.

शॉकअप ‘भरून’ मिळतो का?

मिळतो. नळकांड्याला भोक पाडायचं, तेल भरायचं, वेल्डिंग करायचं, काळा रंग मारायचा. काही आठवडे बरा चालतोही. पण गळती ज्या सीलमुळे होती ते सील आणि ओरखडे पडलेला रॉड तसाच असतो, आतल्या झडपा झिजलेल्याच असतात, आणि ज्यात दाबाखाली गॅस भरलेला असतो त्या शॉकअपला भोक पाडणं धोक्याचं आहे. आम्ही कारचे शॉकअप भरून देत नाही. रंग ताजा आणि वेल्डिंगची गाठ दिसली की समजा की भरलेलाच माल आहे, मग तो ‘नवा’ म्हणून कोणी दिला तरी.

लोअर आर्म पूर्ण बदलू की नुसते बुश?

आर्मला गंज नाही, तो वाकलेला नाही आणि बॉल जॉइंट घट्ट आहे, तर नुसते बुश बदलणं शहाणपणाचं. जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढून नवे दाबून बसवतात. हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका, बुशची बाहेरची पत्र्याची बांगडी वाकते आणि तो लवकर सुटतो. मागच्या बुशला अनेक गाड्यांमध्ये दिशा ठरलेली असते, रबरातल्या पोकळ्या विशिष्ट बाजूलाच यायला हव्यात. काढण्याआधी आर्मवर खूण केली तर चूक होत नाही.

बॉल जॉइंटही गेला असेल आणि तो आर्ममध्येच घडवलेला असेल तर पूर्ण आर्म घ्या. दोन बुशची किंमत, प्रेसची मजुरी आणि पुन्हा सहा महिन्यांनी बॉल जॉइंटसाठी उघडण्याची मजुरी यांची बेरीज केली तर नवा आर्मच परवडतो.

तुम्ही तपासता कसं?

आधी फेरी मारतो. मग गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत ठेवून. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलाई जाणवली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोनपैकी कोण, हे ठरवायला एकाने ब्रेक दाबून धरायचा : ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं आणि ढिलाई जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड.

बुशला लहान पहार लावून बघतो. रबर थोडं हलणारच, ते हलण्यासाठीच असतं. हलताना चीर उघडते का आणि धातूला धातू लागतो का, हे बघायचं. लिंक रॉड हाताने हलवून कळते, पण दोन्ही चाकं एका पातळीवर असायला हवीत. एक वर, एक खाली असेल तर बार ताणलेला राहतो आणि झिजलेली लिंकही घट्ट लागते. तरी शंका राहिलीच तर दोन्ही लिंक सोडून ठेवतो आणि गाडी सावकाश थोडं अंतर नेतो. आवाज थांबला, चोर सापडला.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडणी, असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० सालच्या फोर्ड कन्सलमध्ये होती आणि आज स्विफ्ट, वॅगनआर, आय२० सगळ्यांच्या पुढे तीच आहे. यात गाडीचं वजन स्ट्रटच्या वरच्या माउंटवर येतं, खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही. म्हणून जॅक चासीला लावून चाक मोकळं सोडलं तरच बॉल जॉइंटची ढिलाई कळते. आर्मखाली जॅक लावून ‘सगळं टाइट आहे’ म्हणणाऱ्याने काही तपासलेलं नसतं.

गाडी एका बाजूला ओढते, टायरही आतून खातंय. अलाइनमेंट केली की होईल?

आधी चारही टायरची हवा बघा. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा; ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. ब्रेक धरून राहतोय का तेही बघा, थोडं चालवल्यावर एकच चाक जास्त तापतं.

हे सगळं ठीक असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवणं. पण बुश आणि बॉल जॉइंट सैल असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. मशीनवर उभ्या गाडीचे आकडे हिरवे येतात, रस्त्यावर उतरल्या उतरल्या आर्म सरकतो आणि आकडे गेले. आधी दुरुस्ती, मग अलाइनमेंट. लोअर आर्म, टाय रॉड एंड किंवा पुढचा स्ट्रट काढला असेल तर नंतर ती करायलाच हवी. लिंक रॉड किंवा नेहमीच्या हॅचबॅकचे मागचे शॉकअप बदलले तर गरज नाही. केलीच पाहिजे असं कोणी म्हणालं तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागा.

काम चालू असताना मी काय बघू?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, आणि नव्या भागाचं आयुष्य याच्यावरच ठरतं.

पहिलं, बुशचे बोल्ट शेवटचे केव्हा आवळले जातात. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर बुशचं रबर तिथेच पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश फार लवकर फाटतो आणि दोष मालाला दिला जातो. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा आर्मखाली आधार देऊन तेवढी उंची आणायची, मग शेवटचं आवळायचं. गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर हे सहज होतं. वेळ लागतो म्हणून टाळतात, दुसरं कारण नाही.

दुसरं, शॉकअपचा चकचकीत रॉड. तो पकडीने किंवा पाइप पान्याने धरलेला दिसला तर तिथेच थांबवा. क्रोमवर पडलेला एक ओरखडा दर खड्ड्याला सील कापत राहतो. वरचा नट सोडताना रॉड फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला ॲलन की लावायची सोय असते, ती वापरायची. नुसती हवेची गन लावून रॉड गरगर फिरवायचा नसतो.

तिसरं, स्प्रिंग. ती दाबण्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसरच (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) हवा, आणि समोरासमोर दोन्ही बाजूंनी नीट पकडलेला. दोरी, साखळी, तार असले प्रकार चालू असतील तर तिथून लांब उभे राहा. दाबलेली स्प्रिंग सुटून जीव जाऊ शकतो. म्हणूनच हे काम घरी करू नका, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

नवा शॉकअप आडवा साठवलेला असतो, आतली हवा आणि तेल मिसळलेलं असतं. बसवण्याआधी तो सरळ उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घेतात. जुना बंप स्टॉपर आणि धूळ अडवणारी रबरी नळी नव्या शॉकअपवर चढवू नये. फाटक्या नळीतून गेलेली वाळू रॉडला लागते. वरचं माउंट उघडलेलंच असतं, ते कडक झालं असेल तर त्याच वेळी बदला. मजुरी पुन्हा पडत नाही.

काढलेले भाग मागून घ्या. घरी न्यायचे नसतील तरी हातात घेऊन बघा.

सगळं नवं घातलं, तरी आवाज तसाच आहे.

मग निदान चुकलंय किंवा काहीतरी सैल राहिलंय. वरच्या माउंटचा नट आणि लिंकचे नट पुन्हा तपासून घ्या. त्यानंतरही राहिला तर पुढचा नवा भाग घालायच्या आधी एकेक गोष्ट वेगळी करून बघणारा मेकॅनिक शोधा.

माल कंपनीचा घ्यावा की बाजारातला?

कंपनीचा शिक्का असलेले शॉकअप कार कंपनी स्वतः बनवत नाही. गॅब्रिएलसारखे उत्पादक, ज्यांचा चाकणला कारखाना आहे, कार कंपन्यांना पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. त्यामुळे नावाजलेल्या उत्पादकाचा, तुमच्याच मॉडेलसाठीचा माल घ्यायला हरकत नाही. पेट्रोल-डिझेलचे क्रमांक वेगळे असतात, डिझेलचं इंजिन जड असल्यामुळे. दुकानदार ‘बसतंय’ म्हणतो. बसतं, पण बरोबर नसतं.

सुटे भाग बाहेरच्या गॅरेजला मिळू नयेत म्हणून कंपन्या अडवणूक करतात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आज मात्र अस्सल माल पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो. नक्कलही तिथेच मिळते. खोक्यावरचा क्रमांक आणि छपाई बघा आणि जीएसटीचं बिल घ्या. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे, जुना २८ टक्क्यांचा आकडा कोणी लावत असेल तर विचारा. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हटलेला शॉकअप गळला की वॉरंटी नाही.

गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर आमच्याकडे येऊ नका, आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

गाडी मागून बसली आहे. स्प्रिंगमध्ये बफर टाकू का?

नको. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे हे रबरी किंवा प्लास्टिकचे ठोकळे त्या वेटोळ्याला दबू देत नाहीत. गाडी उचलल्यासारखी दिसते, पण उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो आणि कडक झालेल्या स्प्रिंगची उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही. गाडी खड्ड्यावर नाचते.

बसण्याचं कारण बघा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर ६० लिटरचं स्टीलचं रिकामं सिलिंडरच पन्नास-साठ किलोंच्या घरात जातं, म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा बसलेला. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन त्या वजनाला धरून जुळवलेलं असतं. तुमच्या मॉडेलची सीएनजी आवृत्ती असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंग बसतात का ते पार्ट नंबरवरून तपासून घ्या. तो सरळ मार्ग आहे.

आणि गणपतीचं. लहान हॅचबॅक माणसं धरून साधारण ४०० ते ५०० किलो वजन नेते. पाच मोठी माणसं, मखर, भांडी, तांदळाचं पोतं आणि वर कॅरियर, यात ती मर्यादा खोपोलीच्या आधीच ओलांडलेली असते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो, निदान तेवढा पाळा.

बोलेरो, पिकअप यांचे मागचे पाटे?

तुटलेला पाटा, सरकलेला सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा), शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) झिजलेले बुश आणि सैल यू बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) या चार गोष्टी बघायच्या. यू बोल्ट नवे लावल्यावर काही दिवसांनी पुन्हा आवळून घ्यावेच लागतात. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालल्यासारखी दिसते. मागून येणाऱ्याला ते आधी कळतं. कमान भरून घेतलेले जुने पाटे काही काळ चालतात, पण माल वाहणाऱ्या गाडीला नवेच घाला.

गाडी पुराच्या पाण्यात होती. सस्पेन्शनला काही होतं का?

२२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर हा प्रश्न गावात घरोघरी होता. शॉकअप बंद असतो, स्वच्छ सीलमधून पाणी सहसा आत जात नाही. मार बसतो तो व्हील बेअरिंगला आणि फाटकी रबरी टोपी असलेल्या बॉल जॉइंटला. गाळाचं पाणी ग्रीसमध्ये शिरतं, आणि आवाज लगेच येत नाही, कित्येक आठवड्यांनी येतो. तोवर विम्याचा सर्व्हे होऊन गेलेला असतो. म्हणून गाडी चालू झाली तरी बेअरिंग त्याच वेळी तपासून सर्व्हेअरला दाखवा.

गुहागर, दापोली, हर्णै बाजूच्या, समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा लागते. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं जिथे बसतं तिथला रंग उडतो, गंज धरतो आणि एक दिवस टोक तुटतं. तुटलेलं टोक टायरला लागतं. तिथे गोड्या पाण्याने धुणं हाच उपाय.

सर्व्हिसिंगला खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून घेतो. चांगलं ना?

पत्र्याला गंज कमी लागत असेल, पण नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. बुश, माउंट, टोप्या सगळं रबर खालीच असतं. आवाज दोन दिवस बंद होतो, म्हणून लोकांना बरं वाटतं. पाण्याने धुवा. बुश करकरत असेलच तर रबराला चालणारा सिलिकॉन स्प्रे.

विमा मिळतो का?

झिजेला नाही. मोठ्या खड्ड्यात किंवा दुभाजकावर आदळून आर्म वाकला, शॉकअप फुटला तर तो अपघात धरला जातो, पण दुरुस्तीआधी कंपनीला कळवायला हवं. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. छोट्या बिलासाठी क्लेम घालून नो क्लेम बोनस घालवू नका.

रस्तेच असे आहेत, चालवण्यात काय फरक पडणार?

पडतो. खड्डा दिसला की त्याच्या आधी ब्रेक मारा आणि चाक खड्ड्यात उतरायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, खड्ड्याचा धक्का घ्यायला जागाच उरत नाही. गतिरोधक तिरका घेऊ नका. त्याने पोट वाचतं, पण आर्म आणि लिंक पिळल्या जातात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा असतो, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा. आपल्याकडे प्रत्येक वाडीने आपापला घातलेला आहे, त्यामुळे त्या वेगाच्या भरवशावर राहू नका.

आवाज येत असताना किती दिवस चालवता येईल?

लिंक रॉड वाजत असेल तर पगार होईपर्यंत थांबलात तरी चालेल. बुश फाटला असेल तर टायर खायच्या आत या. गळका शॉकअप घेऊन पावसात घाट उतरू नका.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला असेल, स्प्रिंग तुटली असेल, स्टेअरिंगमध्ये अचानक मोकळेपणा जाणवला असेल, तर गाडी आहे तिथे थांबवा. बॉल जॉइंट निखळला की चाक आडवं पडतं आणि गाडी जाग्यावर बसते. ते कोणत्या वेगात होईल हे आपल्या हातात नसतं. टोइंगची गाडी बोलवा, आणि ती फ्लॅटबेड असेल असं फोनवरच सांगा, कारण पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर तोच जॉइंट वाटेत निखळेल.